गळालेली वेलांटी

जें क्षरत नाहीं, झिजत नाहीं, तें अक्षर. अशी ह्या शब्दाची फोड आम्हीं पस्तीस वर्षें वर्गांत मुलांना करून दाखविली, आणि ती करतांना आमच्या मनांत कधीं शंका आली नाहीं. परंतु गेल्या जून महिन्यांत एक अक्षर, किंबहुना सगळें अक्षरही नव्हे, नुसती एक दुसरी वेलांटी आमच्या डोळ्यांदेखत क्षरली. आणि तिच्या पाठोपाठ एका गुणी मुलीचा हक्कही बुडण्याच्या बेतांत आला. ती हकीकत, आणि तिच्या निमित्तानें म्हातारपणीं आम्हांस जें शिकावयास मिळालें तें, वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे. विषय संगणकाचा आहे हें पाहून आमच्या वयाच्या वाचकांनीं पान उलटूं नये. ज्यास बाराखडी येते त्यास ह्यांतील प्रत्येक गोष्ट समजण्यासारखी आहे.

आम्ही राहतों पिंपरीस. १९५४ सालीं येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, त्यामागून एकेक करीत दुसरे आले, आणि पवनेच्या काठचें हें गांव पाहतां पाहतां कामगारांचें शहर झालें. आमचे बहुतेक विद्यार्थी ह्या कामगारांच्याच घरचे. सेवानिवृत्तीनंतर येथील एका लहानशा धर्मादाय संस्थेच्या समितीवर आम्ही काम करूं लागलों. दहावी उत्तीर्ण झालेल्या होतकरू मुलींस पुढील शिक्षणाच्या फीसाठीं ही संस्था दरसाल मदत देते. पूर्वीं अर्ज कागदावर येत. अलीकडे ते संस्थेच्या संकेतस्थळावर भरून घेतले जातात, आणि समितीपुढें त्यांची छापील यादी येते.

ह्या यादींत एका ओळींत पहिलें नांव ‘ज्ञानेश्वर’ असें होतें. गुण उत्तम, घरचें उत्पन्न बेताचें. पण मदत मुलींसाठीं! कोणा मुलानें न वाचतां अर्ज केला असावा असें समजून आम्हीं स्वतःच्या हातानें त्या ओळीवर तांबडी रेघ ओढली. आठ दिवसांनीं सकाळींच एक बाई दारांत येऊन उभ्या राहिल्या. भोसरीच्या एका कारखान्यांत त्या कामास जातात. बरोबर त्यांची मुलगी होती.

‘‘सर, आमच्या पोरीचं नांव यादींत नाहीं. अर्जांत कांहीं चुकलं का?’’

आम्हीं मुलीस नांव विचारलें. ती हळूच म्हणाली, ‘‘ज्ञानेश्वरी.’’

ह्यावर आम्हांस बोलावयास शब्द उरला नाहीं. अर्ज भरल्यावर पडद्याचें जें छायाचित्र तिनें आपल्या मोबाइलमध्यें घेऊन ठेविलें होतें, तें तिनें आम्हांस दाखविलें. त्यांत नांव पूर्ण होतें, वेलांटी जागच्या जागीं होती. म्हणजे मुलीनें बरोबर लिहिलें होतें, आणि यादी छापणाऱ्यानेंही हातानें कांहीं बदललें नव्हतें. मग वेलांटी गेली कोठें?

आमची एक जुनी विद्यार्थिनी हिंजवडीस एका कंपनींत आज्ञावली लिहिण्याचें काम करते. रविवारीं ती आली तेव्हां आम्हीं यादी, तें छायाचित्र आणि आपली तांबडी रेघ तिच्यापुढें ठेविली. तिनें तिन्ही गोष्टी लक्षपूर्वक पाहिल्या व म्हणाली, ‘‘सर, रेघ तुम्ही ओढलीत, पण वेलांटी त्याच्या आधींच पडली होती. कुठल्या उंबऱ्यावर पडली तें शोधूं या.’’ पुढें जें लिहीत आहों तें बहुतेक तिनें त्या दुपारीं आम्हांस शिकविलेलें आहे. शिष्यादिच्छेत् पराजयम् ही इच्छा आमच्या बाबतींत अशी पुरी झाली.

प्रथम लक्षांत घ्यावयाचें तें असें, कीं संगणकास अक्षर ओळखतां येत नाहीं. त्यास येतात ते केवळ आंकडे. आणि त्यांचीं घरेंही लहान, एका घरांत ० पासून २५५ पर्यंतचा कोणताही एकच आंकडा मावतो. ह्या घरास बाइट म्हणतात. तेव्हां अक्षर साठवावयाचें म्हणजे कोणत्या अक्षरास कोणता आंकडा, ह्याचा एक तक्ता आधीं ठरवावा लागतो. ही कल्पना नवी नाहीं. तारखात्याचा कडकट्ट आमच्या पिढीनें ऐकलेला आहे. तार पाठविणारा व घेणारा ह्यांच्यापुढें एकच तक्ता असेल तोंवर सर्व ठीक. तक्ते निराळे असतील तर तार पोहोंचेल, पण निरोप पोहोंचणार नाहीं. संगणकांतील मराठीच्या बहुतेक दुखण्यांचें मूळ एवढेंच आहे. लिहिणारा एका तक्त्यानें लिहितो, वाचणारा दुसऱ्या तक्त्यानें वाचतो, आणि आपण कोणत्या तक्त्यानें लिहिलें हें सांगण्याचें मध्यल्या माणसाच्या मनांतही येत नाहीं.

१९६३ सालीं अमेरिकेंत ‘आस्की’ नांवाचा तक्ता ठरला. त्यांत जागा अवघ्या १२८. रोमन लिपीचीं अक्षरें, दहा आंकडे, विरामचिन्हें आणि यंत्रास द्यावयाच्या कांहीं सूचना इतक्यांची त्यांत सोय झाली. अमेरिकेनें आपल्यापुरती सोय पाहिली ह्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु बाइटांत जागा २५६, आणि वापरल्या गेल्या १२८. तेव्हां उरलेल्या वरच्या जागा ज्याच्या त्यानें आपापल्या परीनें भरल्या. पश्चिम युरोपनें तेथें आपलीं टोले लावलेलीं अक्षरें बसविलीं, रशियानें आपली लिपि बसविली. आमच्याकडे भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं ‘इस्की’ हा तक्ता प्रसिद्ध केला, व त्या जागीं भारतीय लिपींची वर्णमाला आणिली. परिणाम असा झाला कीं १७९ हा एकच आंकडा इस्कीच्या तक्त्यानें वाचला तर ‘क’, आणि पश्चिम युरोपच्या तक्त्यानें वाचला तर खांद्यावर चढविलेला लहानसा तीनाचा आंकडा! आंकडा खरा, दोन्ही वाचक प्रामाणिक, आणि तरी अर्थाचा अनर्थ.

हा घोळ मिटविण्यासाठीं ‘युनिकोड’ निघाला. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालची. जगांतील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हास एक स्वतंत्र क्रमांक द्यावा, म्हणजे एका क्रमांकाचे दोन अर्थ होणार नाहींत, हें त्याचें तत्त्व. देवनागरीस त्यांत २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा मिळाल्या, आणि त्यांची मांडणी इस्कीच्याच धर्तीवर झाली. ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ळ’चा २३५५. आमच्या पिंपरींतील वाचकांस एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. फाळणीनंतर जीं सिंधी कुटुंबें येथें येऊन स्थायिक झालीं, त्यांच्या भाषेंतील आंत ओढून उच्चारावयाचे चार वर्ण देवनागरींत लिहितांना अक्षराखालीं रेघ देतात. तीं चारही अक्षरें ह्याच तक्त्यांत आहेत, आणि शेवटची जागा २४३१ ही त्यांतल्याच एकाची आहे. शेजारधर्म तक्त्यांतही पाळला गेला आहे.

आतां २३२५ हा आंकडा २५५ च्या घरांत मावावा कसा? ह्यावर १९९२ सालीं केन थॉम्प्सन व रॉब पाइक ह्या दोघां अमेरिकेंतील संगणकज्ञांनीं एक युक्ति काढिली. न्यू जर्सींतील एका खाणावळींत जेवतांना टेबलावरच्या कागदी चटईवर त्यांनीं तिचा आराखडा मांडला, असें पाइक ह्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. तिचें नांव यूटीएफ-८. रोमन अक्षर एका बाइटांत, आणि इतर लिपींचें चिन्ह दोन, तीन किंवा चार बाइटांत विभागून ठेवावयाचें. देवनागरीच्या वाट्यास तीन आले. पहिला बाइट नेहमीं २२४, दुसरा १६४ किंवा १६५, आणि तिसरा त्या त्या चिन्हाचा. ‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९. आज जगांतील बहुतेक संकेतस्थळें ह्याच पद्धतीनें लिहिलीं जातात.

हे आंकडे आम्हीं उगाच दिलेले नाहींत. त्यांच्यावरून दुखण्याची परीक्षा करितां येते. मराठी मजकुराच्या जागीं कधीं कधीं रोमन ‘ए’वर टोला, त्यापुढें चार पायांचें वर्तुळ किंवा जपानी येन नाण्याचें चिन्ह, पुन्हां टोल्याचा ‘ए’, अशी माळ दिसते. अनेक वाचकांनीं ती पाहून मजकूर नष्ट झाला असें समजून कपाळास हात लाविला असेल. पण पश्चिम युरोपच्या तक्त्यांत २२४ म्हणजे टोल्याचा ‘ए’, १६४ म्हणजे तें वर्तुळ व १६५ म्हणजे येन! अर्थात् ती माळ म्हणजे आपलें मराठीच आहे, एक बाइटही न हरवतां; केवळ वाचणारानें तक्ता चुकीचा घेतला. योग्य तक्ता सांगितला कीं तें जसेंच्या तसें उभें राहतें. मात्र अर्धवट जाणकारानें त्या विद्रूप मजकुरासच खरा मानून तो पुन्हां यूटीएफ-८ मध्यें घातला, तर तीन बाइटांचे सहा-सात होतात आणि गुंता वाढतो. म्हणून मूळ प्रतीची नक्कल काढून ठेविल्यावांचून औषधयोजना करूं नये.

दुसरें दुखणें दिसावयास साधें, पण असाध्य. तें म्हणजे अक्षरांच्या जागीं ओळीनें प्रश्नचिन्हें. आमच्या यादींत शाळांच्या नांवांचा एक रकाना असाच होता. संगणकास मराठी मजकूर आस्कीच्या किंवा तशाच एखाद्या लहान तक्त्यांत उतरवावयास सांगितला, कीं तो तक्त्यांत ‘क’ शोधतो. तो न सांपडल्यामुळें तेथें प्रश्नचिन्ह लिहितो व पुढें जातो. हें प्रश्नचिन्ह खरोखरीचें, ६३ क्रमांकाचें असतें; त्याच्या पोटांत ‘क’ दडलेला नसतो. हिशेबाचा तक्ता साध्या स्वल्पविरामी फाइलींत उतरवून घेतांना हा अपघात हटकून होतो. म्हणून प्रश्नचिन्हें दिसतांच ती फाइल दुरुस्त करीत बसूं नये. मागें जाऊन जेथें अक्षरें शाबूत आहेत अशी प्रत शोधावी. आमच्या शाळांचीं नांवें मूळ अर्जांवरूनच परत मिळालीं.

तिसरें दुखणें आमच्या ज्ञानेश्वरीचें. आणि तें सर्वांत लबाड, कारण तेथें पाहणारास कांहींच बिघडलेलें दिसत नाहीं.

‘ज्ञानेश्वरी’ ह्या शब्दांत अक्षरें किती? कोणतीही आजीबाई सांगेल, चार: ज्ञा, ने, श्व, री. व्याकरण शिकलेला वर्ण मोजील व दहा म्हणेल: ज्, ञ्, आ, न्, ए, श्, व्, अ, र्, ई. युनिकोडची मोजणी ह्या दोहोंहून निराळी आहे. तो ‘ज’, हलन्ताचें चिन्ह, ‘ञ’, काना, ‘न’, मात्रा, ‘श’, हलन्त, ‘व’, ‘र’ व शेवटची वेलांटी अशीं अकरा चिन्हें मोजतो. आणि प्रत्येक चिन्हास तीन ह्या हिशेबानें साठविणाऱ्यास दिसतात ते तेहेतीस बाइट. चार, दहा, अकरा, तेहेतीस. चारही उत्तरें बरोबर आहेत. प्रश्न एवढाच कीं विचारणारा कोणती मोजणी धरून बसला आहे.

संस्थेच्या माहितीच्या भांडारांत, ज्यास हे लोक डेटाबेस म्हणतात त्यांत, पहिल्या नांवासाठीं तीस अक्षरांची पेटी केलेली होती. करणारानें विचार केला असेल कीं तीस अक्षरांचें नांव कोण ठेवतो! परंतु भांडारास आपण यूटीएफ-८ वापरीत आहों हें कोणीं सांगितलेंच नव्हतें. त्यानें आपल्या समजुतीप्रमाणें पश्चिम युरोपचा तक्ता धरला, आणि त्या तक्त्यांत एक बाइट म्हणजे एक अक्षर. तेव्हां तीस अक्षरें म्हणजे तीस बाइट, आणि तीस बाइट म्हणजे आमचीं दहा चिन्हें. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र; पेटी भरली. अकरावें चिन्ह, ती वेलांटी, बाहेर राहिली, आणि भांडारानें ब्र न काढतां झांकण लाविलें. मुलीचा मुलगा झाला!

वाचक विचारतील, भांडाराचा तक्ताच चुकीचा होता तर बाकीचीं नांवें यादींत शुद्ध कशीं दिसलीं? हाच ह्या प्रकरणांतला मर्माचा भाग. घालतांना ज्या चुकीच्या समजुतीनें बाइट आंत गेले, त्याच चुकीच्या समजुतीनें ते बाहेर निघाले. एक चूक दुसरीस झांकून गेली. परवचा उलटा शिकविणारा आणि उलटाच तपासणारा मास्तर एकच असेल तर सर्व मुलें उत्तीर्ण होणारच. ‘राजलक्ष्मी’ नांवाचीं चिन्हें मोजा: र, काना, ज, ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, वेलांटी, बरोबर दहा. ती पेटींत कांठोकांठ बसली. अश्विनी, वैष्णवी ह्या तर लहानच. म्हणून कोणास संशय आला नाहीं. आमच्या विद्यार्थिनीनें ह्यावर एक साधी परीक्षा सांगितली, ती सर्वांनीं ध्यानांत ठेवावी: भांडारांतील ज्या ज्या नोंदी पेटीच्या मापाइतक्याच लांब आहेत, नेमक्या कांठाशीं थांबल्या आहेत, त्या तेवढ्या काढून पहाव्या. कापलें गेलेलें असेल तर त्यांतच सांपडेल. तसें करितां दोनच नोंदी निघाल्या. एक राजलक्ष्मी, सुखरूप. आणि दुसरी आमची.

न सांगितलें तर यंत्र काय धरून चालतें, ह्याची एक गमतीची गोष्ट सांगतों. मायएसक्यूएल हें जगभर वापरलें जाणारें भांडार मूळचें स्वीडन देशांतील. त्यामुळें २०१८ सालच्या आठव्या आवृत्तीपर्यंत त्याचा गृहीत धरलेला तक्ता पश्चिम युरोपचा, आणि अक्षरांचा क्रम स्वीडिश भाषेचा असे. दोष त्याचा नव्हे. वापरणारानें आपली भाषा सांगितली कीं तें बिनतक्रार ऐकत असे. सांगितली नाहीं तर मात्र मराठी नांवांस स्वीडनचे नियम लागत!

ह्या ओघांतच ‘लोकेल’ची गोष्ट येते. आम्हीं तिला मनांतल्या मनांत ‘देशाचार’ असें नांव दिलें आहे, कारण धर्मशास्त्रांत ज्यास देशाचार म्हणतात तेंच हें. एक लाख पंचवीस हजार ही रक्कम आपण १,२५,००० अशी लिहितों. इंग्लंड-अमेरिकेंत स्वल्पविराम तीन तीन आंकड्यांनीं पडतो व ती १२५,००० होते. जर्मनींत तर दशांशचिन्हाचें काम स्वल्पविराम करितो, आणि साडेबारा हे १२,५ असे लिहितात. चाकणच्या पट्ट्यांत जर्मन कारखाने आल्यापासून इकडच्या मुलांस हें पाठ झालें आहे. ५/८ म्हणजे आपल्याकडे ऑगस्टची पांचवी. अमेरिकेंत मेची आठवी. हे सर्व आचार, महिन्यांचीं नांवें व वर्णांचा क्रम ह्यांसह, एका नांवाखालीं बांधून ठेवलेले असतात. मराठीचें नांव ‘एमआर’, भारताचें ‘आयएन’, आणि शेवटीं यूटीएफ-८ हा तक्ता, असें तें पूर्ण नांव होतें.

आज्ञावलीस कोणताच देशाचार सांगितला नाहीं तर अनेक यंत्रांवर ती ‘सी’ नांवाच्या एका उजाड देशाचारांत वागते. तेथें आस्कीपलीकडे जग नाहीं. लिहिणाऱ्याच्या टेबलावरील संगणकास देशाचार सांगितलेला असतो, म्हणून तेथें आज्ञावली नीट चालते. तीच दूरच्या सर्व्हरवर ठेवली कीं मराठी पाहून अडखळते. ‘‘माझ्याकडे चालते, तिकडेच बिघडते’’ अशी तक्रार ऐकूं आली, कीं प्रथम दोन्हीकडचा देशाचार ताडून पहावा, असें आमची विद्यार्थिनी सांगते. पुष्कळदां दिवसभराचें संशोधन त्या एका ओळींत संपतें.

वर्णक्रमाचेंही असेंच आहे. आमच्या मुळाक्षरांच्या तक्त्यांत ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ येतात. परंतु नुसत्या क्रमांकांनीं लाविलें तर ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठीस बसतो, ‘क्ष’ची नांवें ‘क’च्या शेवटीं जातात व ‘ज्ञ’चीं ‘ज’मध्यें मिसळतात. यादींत ज्ञानेश्वरीस आम्ही शेवटीं शोधीत होतों, आणि ती मधल्या पानावर होती. हेंही आम्हांस चूक म्हणवत नाहीं. पण मराठी शाळेंत शिकलेला माणूस जेथें पाहील तेथें नांव सांपडावें, ही अपेक्षा गैर कशी म्हणावी? ज्या ‘ळ’ची ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेंत हजेरी लागते, त्यास त्याच्या मानाच्या जागेवर बसविण्याचे नियम देशाचारांत सांगतां येतात.

आणखी दोन खांचखळगे केवळ मराठीचे म्हणून सांगतों. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांस दक्षिणा द्यावी’ आणि ‘आचाऱ्यांस दक्षिणा द्यावी’ ह्यांत पैसे कोणास मिळावयाचे तें एका वळणावर अवलंबून आहे. हा अर्धा ‘ऱ’ दोन रीतींनीं लिहितां येतो. एक, २३५३ हा त्याचा स्वतःचा क्रमांक व त्यापुढें हलन्त. दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि ८२०५ क्रमांकाचें एक अदृश्य सांधणारें चिन्ह. मजकूर ‘स्वच्छ’ करावयास निघालेल्या आज्ञावलीनें तें अदृश्य चिन्ह केर समजून झाडून टाकलें, कीं दऱ्यांचा दर्या होतो. तसेंच ‘ॲ’चें. ह्या अक्षरास स्वतंत्र क्रमांक २४१८ मिळाला तो २००८ सालीं; २००९ सालीं महाराष्ट्र शासनानें वर्णमाला ठरवितांना त्यास मान्यताही दिली. परंतु त्यापूर्वींच्या लेखनांत ‘अ’वर चंद्र ठेवून तें लिहिलेलें असतें. डोळ्यांस दोन्ही सारखीं. शोधणाऱ्या यंत्रास दोन्ही निराळीं. युनिकोडचे एकरूपीकरणाचे सर्वसाधारण नियमही ह्या दोहोंस एक मानीत नाहींत. तो नियम आपला आपण घालावा लागतो.

एवढें ऐकल्यावर आमच्या समितींतील एका व्यवहारी सभासदांनीं सुचविलें, ‘‘मास्तर, पुढल्या वर्षापासून नांवं इंग्रजींतच घेऊं. कटकटच नको.’’ सूचना सद्हेतूची होती, आणि असा सल्ला आज घरोघर दिला जातो म्हणून तिचा विचार केला पाहिजे. आम्हीं त्यांस एवढेंच विचारलें, कीं ज्ञानेश्वरी इंग्रजींत कशी लिहाल? ते म्हणाले, डी-एन-वाय. दुसरे म्हणाले, जी-वाय. आमच्यासारखा संस्कृतवाला म्हणेल, जे-एन. तीन शहाणे, तीन मुली! परकी लिपि धरल्यानें घोळ टळत नाहीं, तो केवळ आपल्या नजरेआड होतो. आणि मुलीस मात्र जन्मभर शिकवण मिळते कीं आपलें खरें नांव यंत्राच्या दृष्टीनें अडचणीचें आहे. अडचणीचें नांव नव्हतें. पेटी लहान होती, आणि पेटीस भाषा सांगावयाची राहिली होती.

उपाय अवघड नाहीं. मजकूर ज्या ज्या उंबऱ्यावरून जातो, त्या प्रत्येक उंबऱ्यावर ‘हें यूटीएफ-८ आहे’ असें स्पष्ट सांगावयाचें. उंबरे पांच. अर्जाचें पान, पानाची भांडाराशीं जोडणी, भांडारांतील पेटी, बाहेर काढलेली फाइल, आणि सर्व्हरचा देशाचार. पैकीं एक जरी मुका राहिला तरी घात होतो. पेट्यांचीं मापें चिन्हांत मोजावीं, आणि मोकळ्या हातानें ठेवावीं. माप ओलांडलें तर भांडारानें मुकाट्यानें कापूं नये, मोठ्यानें तक्रार करावी, अशी त्यास ताकीद द्यावी.

आणि शेवटचें, पडताळा. आपल्या पूर्वजांनीं वेद तोंडीं राखले ते श्रद्धेच्याच भरंवशावर नव्हे. पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशा निरनिराळ्या रीतींनीं तोच मंत्र पुन्हां पुन्हां ताडून पाहिला. अनुक्रमणीकारांनीं ऋचा, पदें व अक्षरें ह्यांची मोजदाद करून ठेविली. म्हणून एखादा स्वर ढळला तर तो उघडकीस येई. संस्थेच्या संकेतस्थळासाठींही आम्हीं असा एक लहानसा पाठ तयार केला आहे. दरवर्षीं अर्ज सुरू होण्यापूर्वीं ‘ज्ञानेश्वरी’, ‘राजलक्ष्मी’, ‘बाळकृष्ण’, ‘दऱ्या’ आणि ‘ॲ’ असलेला एक शब्द हीं पहिल्या पानांतून आंत घालावयाचीं, छापील यादींतून बाहेर काढावयाचीं, आणि चिन्ह अन् चिन्ह मोजून ताडावयाचीं. घातलें तेवढें निघालें तरच दार उघडावयाचें.

ज्ञानेश्वरीस मदत मिळाली. यादी कायम होण्यापूर्वींच चूक सांपडल्यामुळें समितीस तिचें नांव घालतां आलें, आणि त्यासाठीं कोणाचें दुसरें नांव कमी करावें लागलें नाहीं, हें आमचें भाग्य. मंजुरीचें पत्र नेण्यास ती आईबरोबर आली होती. पत्र हातांत पडतांच तिनें रकमेकडे पाहिलें नाहीं. आधीं नांव वाचलें, शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि मग आईकडे दिलें.

आमची तांबडी लेखणी अजून खिशांत आहे. मात्र हल्लीं छापील यादीवर रेघ ओढण्यापूर्वीं मूळ अर्ज मागवून घेतों.